साखरपुड्याची अंगठी आणि कॅरेटचे गणित



लग्नसराई जवळ आली की साखरपुड्याच्या अंगठीची चर्चा सुरू होते. पूर्वी सोन्याचं साधं वळं किंवा एखाद्या खड्याची अंगठी चालून जायची. आता "हिरा किती कॅरेटचा घेताय?" असं सरळ विचारलं जातं. विचारणाऱ्याला आणि उत्तर देणाऱ्याला कॅरेट म्हणजे काय हे नीट माहीत असतंच असं नाही, पण त्या आकड्यापायी घरातली साठवलेली रक्कम जाते, कधी कर्जही निघतं. गंमत म्हणजे यात लागणारं सगळं गणित आपण पाचवी ते सातवीत शिकवतो. म्हणून आज हा विषय.

पहिला गोंधळ शब्दाचाच आहे. सोन्याचा कॅरेट वेगळा, हिऱ्याचा वेगळा. सोन्यात कॅरेट म्हणजे शुद्धता. २४ भागांपैकी १८ भाग सोनं असेल तर ते १८ कॅरेट, म्हणजे ७५ टक्के, म्हणून त्यावर ७५० असा शिक्का असतो. हिऱ्यात मात्र कॅरेट म्हणजे वजन. १ कॅरेट = २०० मिलिग्रॅम = ०.२ ग्रॅम. त्याचे १०० भाग केले की एकाला सेंट म्हणतात, त्यामुळे दुकानदार "तीस सेंटचा" म्हणाला तर ०.३० कॅरेट समजायचं. आपल्याकडे सोनार गुंजेच्या बियांनी सोनं तोलायचे (८ गुंजा म्हणजे १ मासा, १२ मासे म्हणजे १ तोळा), तसा कॅरेट हा शब्दही कॅरोब नावाच्या झाडाच्या बियांवरून आला आहे. बी काही सगळीकडे सारखी नसते. शेवटी १९०७ साली पॅरिसच्या वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत २०० मिलिग्रॅमचा कॅरेट स्वीकारला गेला.

आता खरा मुद्दा. वजन दुप्पट झालं म्हणजे हिरा दुप्पट मोठा दिसेल का? वर्गात विचारून बघा, सगळे "हो" म्हणतील. मग कणकेचे दोन गोळे करायला सांगा, एक १०० ग्रॅमचा आणि एक २०० ग्रॅमचा. प्रत्येक गोळा दोन पुस्तकांच्या मध्ये अलगद धरा आणि पुस्तकांमधलं अंतर पट्टीने मोजा. पहिला साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास भरेल, दुसरा सात सेंटिमीटरच्याही आत राहील. मुलांना आधी हे पटतच नाही, ती वजन पुन्हा करायला लावतात! कारण सोपं आहे. वाढलेलं वजन लांबी, रुंदी आणि उंची तिन्हीकडे वाटलं जातं. रुंदी दुप्पट व्हायला वजन आठपट लागतं. लहान ठोकळ्यांपासून दुप्पट कडेचा घन रचला की ठोकळे आठ लागतात, तेच हे.

हिऱ्याचंही असंच. नीट पैलू पाडलेला गोल हिरा ०.३० कॅरेटचा असेल तर साधारण ४.३ मिलिमीटर रुंद असतो, ०.५० कॅरेटचा ५.१ च्या आसपास, १ कॅरेटचा ६.५ आणि २ कॅरेटचा जेमतेम ८.२. म्हणजे अर्ध्यावरून एक कॅरेटवर गेलात तर डोळ्यांना फरक दीड मिलिमीटरहून कमीच. आणि किंमत? इथे एकमान पद्धत चालत नाही बरं का. मोठा कच्चा हिरा दुर्मीळ असतो, म्हणून हिरा मोठा होतो तसा कॅरेटमागचा दरही चढतो. त्याच प्रतीचा १ कॅरेटचा हिरा अर्ध्या कॅरेटच्या दुपटीहून महाग पडतो. त्यातही ०.५०, १.०० अशा पूर्ण आकड्यांशी दर एकदम उडी मारतो. म्हणून ०.९० चा मिळाला तर जरूर पाहा. एक कॅरेटपेक्षा तो पाव-पाऊण मिलिमीटरही लहान नसतो, पण उडीच्या अलीकडे राहतो.

पैलूंकडेही लक्ष द्या. काही हिऱ्यांचं वजन पोटात, म्हणजे खालच्या भागात दडलेलं असतं. असा एक कॅरेट वरून लहानच दिसतो आणि चमकही कमी. प्रमाणपत्रावर वजनाबरोबर मिलिमीटरमधली मापं असतात, ती वाचा. हिरा खाणीतला की प्रयोगशाळेत तयार केलेला, तेही त्यावर लिहिलेलं असतं. दोन्ही कार्बनच, साध्या डोळ्यांना फरक कळत नाही, पण प्रयोगशाळेतला पुष्कळ स्वस्त असतो. आणि "एकूण ०.५० कॅरेट" असं लिहिलं असेल तर तो एकच खडा आहे की बारीक खड्यांची बेरीज, हे विचाराच.

माझं मत विचाराल तर आधी खर्चाचा आकडा ठरवावा, मग बोट पाहावं आणि कॅरेट शेवटी. कागदावर ४.३, ५.१ आणि ६.५ मिलिमीटरचे गोल काढून कापा आणि बोटावर ठेवून बघा. बारीक बोटावर तीस सेंटही उठून दिसतो. रोज कणीक मळणाऱ्या, फळा पुसणाऱ्या हाताला उंच बसवलेला मोठा खडा अडकतो. त्यापेक्षा कोंदणात खाली बसवलेला बरा.

राहिलं बिल. त्यावर अंगठीचं एकूण वजन आणि सोन्याचं निव्वळ वजन वेगळं असायला हवं. समजा एकूण वजन ४.१०० ग्रॅम आहे आणि हिरा ०.५० कॅरेटचा. ०.५० × ०.२ = ०.१०० ग्रॅम, म्हणजे सोनं ४.००० ग्रॅमच. सोन्याचे पैसे ४.१०० वर लावले असतील तर हिऱ्याचे पैसे दोनदा गेले, एकदा हिरा म्हणून आणि एकदा सोनं म्हणून. दुकानातच फोनवर हा गुणाकार करून बघायला लाजू नका.

मुलांना सरावासाठी एक उदाहरण देते: अंगठीचे एकूण वजन ३.८६० ग्रॅम आहे. तिच्यात ०.३० कॅरेटचा एक हिरा आहे. सोने १८ कॅरेटचे आहे. तर अंगठीत शुद्ध सोने किती ग्रॅम? (उत्तर : २.८५० ग्रॅम)