चौकट भरली, सारस बुटका झाला

डेस्कटॉप प्रोग्रामिंग शिकणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं : ‘फोटोला चौकटीची रुंदी-उंची दिली की फोटो बसतो.’ बसतो खरा, पण बसताना बिघडतो. कितीदा सांगितलं तरी पुन्हा तोच कोड लिहिला जातो, म्हणून गोंदियाचंच उदाहरण घेऊ. महाराष्ट्रात उरलेले सारस मुख्यतः याच जिल्ह्यातल्या तलावांवर आणि धानाच्या बांध्यांत दिसतात. त्यांच्या नोंदी आणि फोटो ठेवणारा एक साधा प्रोग्राम लिहायचा आहे, असं समजा. पडद्यावर फोटोसाठी 600 बाय 400 पिक्सेलची चौकट आहे आणि परसवाडा तलावाकाठी मोबाइल उभा धरून काढलेला फोटो 3000 बाय 4000 पिक्सेलचा आहे. तो सरळ चौकटीएवढा केला तर रुंदी पाचपट घटते, उंची मात्र दहापट. म्हणजे उंचीच्या मानाने पक्षी दुप्पट रुंद होतो. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच, जवळपास माणसाएवढा सारस बदकासारखा बसका दिसू लागतो. फोटोवरून पक्ष्याची ठेवण पाहणाऱ्याच्या हाती चुकीची माहिती जाते, आणि ती चूक कॅमेऱ्याची नसून कोडची असते.

यावरचा उपाय शाळेतल्या गुणोत्तराएवढा सोपा आहे. चौकटीची रुंदी भागिले फोटोची रुंदी, इथे 0.2; चौकटीची उंची भागिले फोटोची उंची, इथे 0.1. यातली लहान संख्या घ्यायची आणि फोटोच्या दोन्ही बाजूंना तिनेच गुणायचं. फोटो 300 बाय 400 होतो, मधोमध ठेवला की दोन्हीकडे दीडदीडशे पिक्सेल रिकामे राहतात. एक काळजी घ्यावी : जावा किंवा सी-शार्पमध्ये 400 भागिले 4000 हा भागाकार पूर्णांकांत केला तर उत्तर शून्य येतं आणि फोटोच गायब होतो. हे गणितही बहुतेक ठिकाणी तयार मिळतं. विंडोज फॉर्म्सच्या पिक्चरबॉक्समध्ये ‘स्ट्रेचइमेज’ फोटो ताणतो, ‘झूम’ प्रमाण राखतो. डब्ल्यूपीएफमध्ये हेच काम ‘युनिफॉर्म’ करतो, क्यूटीमध्ये ‘कीपआस्पेक्टरेशिओ’. जावाच्या अधिकृत दस्तऐवजातच लिहिलं आहे की ‘गेटस्केल्डइन्स्टन्स’ला रुंदी किंवा उंचीपैकी एक ऋण संख्या दिली तर ती बाजू मूळ प्रमाणानुसार ठरवली जाते.

यावर आक्षेप ठरलेला असतो : बाजूच्या रिकाम्या पट्ट्या वाईट दिसतात. दिसत असतील, तर लहानाऐवजी मोठी संख्या घ्या. चौकट पूर्ण भरेल आणि जास्तीचा भाग कापला जाईल. अल्बमच्या मुखपृष्ठावर ते चालतं. नोंदवहीत मात्र वरची बाजू कापली तर सारसाची लाल मान जाईल, खालची कापली तर पाय. इथे पट्ट्याच बऱ्या. तरीही पट्ट्या नको आणि कापणंही नको असा हट्ट असेल, तर चौकटीचा आकार बदला, पक्ष्याचा नको.

दुसरा गैरसमज असा की प्रमाण राखलं म्हणजे काम संपलं, लहान कोणत्याही पद्धतीने करा. ‘निअरेस्ट नेबर’ पद्धतीत दहापट लहान करताना दर शंभर पिक्सेलमधला एकच उचलला जातो, बाकी नव्व्याण्णव टाकून दिले जातात. सारसाचा उभा पाय मूळ फोटोत सहा पिक्सेल जाड असेल, तर तो उचललेल्या दोन स्तंभांच्या मधे सापडून साफ नाहीसा होऊ शकतो. आजूबाजूच्या सगळ्या पिक्सेलची सरासरी काढणारी पद्धत वापरली तर पाय फिका होतो, पण राहतो. उलट दिशेनेही हेच लक्षात ठेवावं : लहान फोटो मोठा केला तर नवा तपशील येत नाही, मधल्या जागा फक्त अंदाजाने भरल्या जातात.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. फाइल दोन एमबीची म्हणून मेमरीही दोनच एमबी लागेल, असं नाही. 3000 बाय 4000 चा फोटो उघडला की प्रत्येक पिक्सेलला चार बाइट धरून 4.8 कोटी बाइट लागतात, म्हणून यादीत छोट्या प्रतीच दाखवाव्यात. फाइलमधला डीपीआयचा आकडा बदलल्याने पिक्सेल वाढत नाहीत. उभा फोटो आडवा दिसला तर दोष सहसा आकार बदलण्याचा नसतो. एक्झिफमधली दिशेची नोंद प्रोग्रामने वाचलेली नसते. आणि खिडकी लहान-मोठी होताना आधीच लहान केलेल्या प्रतीवरून नवी प्रत काढू नये, दर वेळी मूळ फोटोवरूनच काढावी, नाहीतर फोटो प्रत्येक फेरीत आणखी धूसर होत जातो.