गोदामातल्या पावलांचं गणित

गोदाम म्हटलं की डोळ्यांसमोर साठा येतो. छतापर्यंत गेलेले रॅक, पोत्यांच्या थप्प्या, खोक्यांवर खोकी. पण गोदाम चालवायचा मोठा खर्च माल ठेवण्यात होत नाही, तो काढण्यात होतो. माणसं हाताने माल काढतात अशा गोदामांबद्दल या विषयाच्या पाठ्यपुस्तकांत एक अंदाज वर्षानुवर्षं दिला जातो. चालवण्याच्या खर्चापैकी साधारण ५५ टक्के ऑर्डरप्रमाणे माल काढून गोळा करण्यात जातात, आणि तो काढणाऱ्या माणसाचा निम्मा वेळ नुसता चालण्यात. साबणाची वडी दोनशे मीटरवरून आणली म्हणून ती जास्त चांगली होत नाही. त्या दोनशे मीटरांचा भार मात्र कुणाच्या तरी पायांवर आणि कुणाच्या तरी खिशावर पडतोच.

ही पावलं कमी कशी करायची, यावर गणिती आणि अभियंते साठ वर्षांहून जास्त काळ डोकं चालवत आहेत. आपल्याकडे हा प्रश्न मोठा झाला तो १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाल्यानंतर. जीएसटी येण्याआधी केंद्रीय विक्रीकर टाळण्यासाठी कंपन्या जवळजवळ प्रत्येक राज्यात छोटं गोदाम ठेवत. मुंबईच्या जकात हद्दीबाहेर म्हणून भिवंडीत गाळ्यांवर गाळे उभे राहिले होते. ती जकातही त्याच दिवशी गेली. मग राज्याराज्यांत विखुरलेला माल थोड्या पण मोठ्या छपरांखाली येऊ लागला. छोट्या गाळ्यात कुठला माल कुठे आहे हे जुन्या माणसाला तोंडपाठ असतं. दोन-तीन लाख चौरस फुटांत ती आठवण पुरत नाही. लांबी आणि रुंदी दोन्ही दुप्पट केली तर जागा चौपट मिळते, पण दर फेरीचं सरासरी चालणंही दुप्पट होतं.

पहिला प्रश्न साधा वाटतो. कुठली वस्तू दारापाशी ठेवायची? ‘जी जास्त खपते ती’ हे उत्तर कुणीही देईल, आणि ते अर्धंच बरोबर आहे. १९६३ मध्ये जेम्स हेस्केट यांनी उरलेलं अर्धं दाखवून दिलं. समजा, साबणाच्या खोक्यांसाठी दिवसाला १०० फेऱ्या होतात आणि तो साठा ५० खण अडवतो. पेनांसाठी ४० फेऱ्याच होतात, पण त्यांना ४ खण पुरतात. खपावर गेलो तर साबण पुढे येईल. पण साबणाच्या एका खणामागे दिवसाला २ फेऱ्या पडतात आणि पेनाच्या एका खणामागे १०. दारापाशी साबण लावला की ५० चांगल्या जागा अडतात आणि पेनांसाठी ४० वेळा त्यांना ओलांडून जावं लागतं. म्हणून व्यापलेल्या जागेला फेऱ्यांनी भागायचं आणि ज्याचा भागाकार लहान ते दाराजवळ आणायचं. हेस्केट यांचा हा नियम शाळकरी मुलालाही करता येईल एवढा सोपा आहे, तरी आजही कितीतरी गोदामांत माल ‘जिथे जागा होती तिथे’ ठेवलेला सापडतो.

प्रत्येक वस्तूला तिच्या क्रमांकाप्रमाणे नेमकी जागा द्यायची तर खप बदलला की सगळं उचलून पुन्हा मांडावं लागतं. यावर १९७६ मध्ये हौसमन, श्वार्झ आणि ग्रेव्ह्ज या तिघांनी वाट काढली. त्यांचा अभ्यास यांत्रिक क्रेनने माल ठेवणाऱ्या गोदामांचा होता, पण निष्कर्ष सगळीकडे कामाचा ठरला. मालाचे दोन किंवा तीनच वर्ग करा, पटकन हलणाऱ्यांना पुढचा पट्टा द्या, आणि वर्गाच्या आत माल रिकाम्या दिसेल त्या खणात ठेवा. एवढ्यानेही नेमक्या मांडणीचा बहुतेक फायदा पदरात पडतो. वर्गाच्या आतला हा मोकळेपणा जागाही वाचवतो. एकाच वस्तूसाठी राखलेला खण तिचा साठा संपला तरी रिकामाच राहतो, सामायिक खणात लगेच दुसरी वस्तू येते. ॲमेझॉनच्या गोदामांत वह्या, बाहुल्या आणि टूथपेस्ट शेजारीशेजारी दिसतात त्यामागे हाच विचार आहे. अर्थात कुठे काय ठेवलंय हे संगणकाने चोख लक्षात ठेवलं तरच ते शक्य आहे.

दुसरा प्रश्न वाटेचा. दहा वस्तूंची यादी हातात घेऊन निघालेला कामगार त्या कुठल्या क्रमाने गोळा करील? दहा ठिकाणी जाऊन परत यायचे वेगवेगळे फेरे १८ लाखांहून जास्त होतात. वस्तू पंधरा झाल्या की आकडा ६५ हजार कोटींपलीकडे जातो. गणितात हा ‘फिरत्या विक्रेत्याचा प्रश्न’ म्हणून ओळखला जातो आणि तो अवघड म्हणून प्रसिद्ध आहे. पण गोदाम म्हणजे वाटेल तशी पसरलेली गावं नव्हेत. तिथे समांतर गल्ल्या असतात आणि दोन्ही टोकांना आडव्या वाटा. १९८३ मध्ये डोनाल्ड रॅटलिफ आणि आर्नन रोझेन्थाल यांनी नेमका याचाच फायदा घेतला. एका गल्लीपुरतं पाहिलं तर शहाणा माणूस मोजक्याच रीतींनी वागू शकतो. तो आरपार जाईल, एका टोकाने शिरून त्याच टोकाने परत येईल, दोन्ही टोकांनी शिरून मधला मोठा रिकामा पट्टा सोडून देईल, किंवा गल्लीत पाऊलच टाकणार नाही. डावीकडून एकेक गल्ली घेत, प्रत्येक पायरीला कामाचे तेवढेच थोडे पर्याय जपत गेलं की सर्वांत छोटी वाट हमखास सापडते. गल्ल्या दुप्पट झाल्या तर हिशेबही दुप्पटच होतो, कोटींच्या घरात जात नाही.

तरीही बरीच गोदामं ही सर्वोत्तम वाट वापरत नाहीत. ती विचित्र दिसते. मध्येच मागे फिरा, एक गल्ली सोडून पुढच्या गल्लीत शिरा. कामगाराला ती पटत नाही आणि तो आपल्या वाटेने जातो. नागमोडी वाट, म्हणजे एका गल्लीतून वर आणि पुढच्या गल्लीतून खाली, थोडी लांब असली तरी लक्षात राहते. याला मी कामगाराचा हट्ट म्हणणार नाही. लक्षात राहणाऱ्या वाटेवर वस्तू चुकून सुटण्याचा धोका कमी असतो, आणि सुटलेली वस्तू म्हणजे आणखी एक पूर्ण फेरी. कागदावरच्या मीटरांत ती फेरी धरलेली नसते.

इथवर जवळजवळ सगळ्यांनी गल्ल्या सरळ आणि काटकोनात असणार हे गृहीत धरलं होतं. तेव्हा ऑबर्न विद्यापीठात असलेले केव्हिन ग्यू आणि आर्कान्सा विद्यापीठात असलेले रसेल मेलर यांनी ते गृहीतच तपासायला घेतलं. त्यांचा २००९ सालचा शोधनिबंध या विषयातला माझा सर्वांत आवडता आहे. आयताकृती गोदामाची कल्पना करा. दार खालच्या भिंतीच्या मधोमध आहे. दारापासून ३० मीटर उजवीकडे आणि ४० मीटर आत असलेल्या पॅलेटकडे फोर्कलिफ्ट न्यायचा आहे. काटकोनी वाटांनी ३० अधिक ४०, म्हणजे ७० मीटर जावं लागतं. सरळ रेषेत तेच अंतर ५० मीटर आहे, पण मध्ये रॅक उभे आहेत.

ग्यू आणि मेलर यांनी दारापासून दोन तिरप्या वाटा काढल्या, एक डावीकडच्या कोपऱ्याकडे, दुसरी उजवीकडच्या. दोन वाटांच्या मधल्या भागातल्या गल्ल्या उभ्या आणि बाहेरच्या भागांतल्या आडव्या ठेवल्या. वरून पाहिलं तर माशाचा काटा दिसतो, म्हणून त्याच नावाने ही मांडणी ओळखली जाते. आता आपलं पॅलेट पाहू. तिरप्या वाटेने ३० मीटर उजवीकडे आणि ३० मीटर आत असलेल्या बिंदूपर्यंत जायला साधारण ४२.४ मीटर लागतात, तिथून उभ्या गल्लीत आणखी १०. एकूण ५२.४ मीटर. रॅकांची नुसती दिशा बदलून तिरपी वाट मोकळी केली, आणि पन्नास मीटरांच्या अशक्य वाटेच्या अगदी जवळ पोचलो. लांबी रुंदीच्या दुप्पट असलेल्या गोदामात सगळ्या जागांची सरासरी काढली तर बचत सुमारे २० टक्के येते. बारावीचं गणित झालेल्या कुणालाही हा आकडा अर्ध्या पानात पडताळता येईल.

इतकी सोपी गोष्ट आधी रूढ का झाली नाही, याचं उत्तर बहुधा इमारतीतच आहे. भिंती काटकोनात, खांब काटकोनात, म्हणून रॅकही तसेच. पण या मांडणीच्या मर्यादाही त्याच संशोधकांनी पुढे तपासल्या. तिरप्या वाटा जागा खातात, म्हणून तेवढाच माल ठेवायला गोदाम थोडं मोठं लागतं. अख्खं पॅलेट एका फेरीत उचलायचं असेल आणि सगळी ये-जा एकाच ठिकाणाहून होत असेल तिथे फायदा मोठा असतो. भिंतभर दारं असली, किंवा जास्त हलणारा माल आधीच दारापाशी आणलेला असला, की तो बराच घटतो. जागेचं भाडं चढं असलेल्या ठिकाणी मालक ही अदलाबदल करील का, हे त्याला स्वतःच्या आकड्यांवरूनच ठरवावं लागेल.

वाटांइतकाच जुना प्रश्न माणसांत काम वाटण्याचा. एका लांब रॅकपाशी काही जण उभे आहेत आणि प्रत्येक ऑर्डर पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत जायची आहे. रूढ पद्धतीत प्रत्येकाला ठरावीक पट्टा देतात. मग एकाकडे खोक्यांची रांग लागते आणि दुसरा रिकामा उभा राहतो. मुकादम पट्टे बदलतो, तोवर ऑर्डरींचा रंग बदललेला असतो. जॉन बार्थोल्डी आणि डोनाल्ड आयझेनस्टाइन यांनी १९९६ मध्ये पट्टेच काढून टाकले. आग विझवताना माणसं हातोहात बादल्या पुढे देतात तशी ही साखळी. प्रत्येकाने आपली ऑर्डर घेऊन पुढे जात राहायचं. शेवटच्याचं काम संपलं की त्याने मागे येऊन आपल्या मागच्याच्या हातातली ऑर्डर घ्यायची, त्याने त्याच्या मागच्याची, आणि पहिल्याने नवी सुरू करायची. अट एकच आहे. सर्वांत सावकाश माणूस सुरुवातीला आणि सर्वांत चपळ शेवटी.

यातली गंमत आकड्यांनीच कळते. १०० मीटरांचा रॅक घेऊ. दोघे जण आहेत आणि दुसऱ्याचा वेग पहिल्याच्या दुप्पट. मागे येण्याचा वेळ सोडून देऊ. पहिली देवाणघेवाण ६० व्या मीटरवर झाली असं समजा. दुसऱ्याला ४० मीटर उरले. तेवढ्या वेळात पहिला २० मीटर आला, म्हणून पुढची भेट २० वर. आता दुसऱ्याला ८० मीटर जायचं आहे, तोवर पहिला ४० वर पोचतो. मग ३०, मग ३५, मग ३२.५. भेटीची जागा आपोआप ३३ मीटर आणि थोडं या बिंदूकडे सरकते, म्हणजे बरोबर एक तृतीयांशावर. एकाला एक वाटा, दुप्पट वेगाच्या माणसाला दोन. कुणी मोजलं नाही, कुणी सांगितलं नाही. दोघांना उलट उभं करून हाच हिशेब करून पाहा, भेटीची जागा दर खेपेला लांब लांब उसळते आणि चपळ माणूस सावकाश माणसाच्या मागे अडकतो.

अमेरिकेतल्या ‘रेव्हको’ या औषध दुकानांच्या साखळीने आपल्या राष्ट्रीय वितरण केंद्रात ही पद्धत आणली, तेव्हा माल काढण्याचा वेग ३४ टक्क्यांनी वाढल्याचं नोंदलं गेलं. नवं यंत्र एकही आणलं नव्हतं. स्पेनमध्ये धान्याचे दाणे वाहणाऱ्या ‘मेसोर’ मुंग्यांमध्येही जीवशास्त्रज्ञांना अशी हातोहात वाहतूक दिसली आहे. छोटी मुंगी दाणा उचलते आणि वाटेत मोठी मुंगी तो तिच्याकडून घेते.

या सगळ्यावर रोबोंनी मात केली असं आता म्हटलं जातं. ‘किवा सिस्टिम्स’ ही कंपनी मिक माउंट्झ यांनी २००३ मध्ये काढली आणि ॲमेझॉनने ती २०१२ मध्ये ७७.५ कोटी डॉलरला घेतली. तिच्या बुटक्या रोबोंनी चालणंच उलटं केलं. माणूस जागेवर उभा आणि रॅक त्याच्याकडे येतो. पावलं वाचली हे खरं. पण कुठला रॅक कुठे ठेवायचा, कुठल्या वाटेने आणायचा आणि रांगा कशा टाळायच्या हे प्रश्न तसेच राहिले, फक्त चालणारा बदलला. माणसाच्या वाट्याला आलं ते एकाच जागी तासन्‌तास उभं राहणं आणि तेच ते वाकणं-वळणं.

म्हणून मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते शरीराकडे पाहणारं संशोधन. चार्ल्स पीटरसन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये रॅकवरच्या कमरेपासून खांद्यापर्यंतच्या पट्ट्याचा अभ्यास केला. या क्षेत्रात त्याला ‘सोनेरी पट्टा’ म्हणतात. जास्त हलणारा माल तिथे ठेवला तर वाकण्यात आणि हात ताणण्यात जाणारा वेळ वाचतो. त्यासाठी थोडं जास्त चालावं लागलं तरी एकूण वेळ घटू शकतो. फक्त मीटर मोजणाऱ्या सूत्रात कामगाराची पाठ कुठेच नसते. गेल्या दहा-बारा वर्षांत थकवा, उचललेलं वजन आणि चुका यांना सूत्रात जागा देणारे शोधनिबंध वाढले आहेत, आणि ही दिशा बरोबर आहे. माथाडी आणि हमालांसाठी १९६९ सालीच कायदा करणाऱ्या महाराष्ट्राने तर या संशोधनात पुढे असायला हवं. वाचलेली पावलं विश्रांतीत जाणार की दुसऱ्या दिवसाच्या वाढीव लक्ष्यात, हे सूत्र ठरवत नाही. ते गोदाम चालवणारा ठरवतो.

आज कामगाराच्या हातातला स्कॅनर प्रत्येक उचललेल्या वस्तूची वेळ नोंदवतो. ती नोंद बहुतेक वेळा त्याचा वेग तपासायला वापरली जाते. तीच नोंद मांडणी तपासायला वापरता येते. स्कॅनरही नसलेल्या गाळेवाल्याला दोन महिन्यांची जावक वही पुरेल. प्रत्येक वस्तूच्या फेऱ्या मोजायच्या, तिने अडवलेले खण मोजायचे, हेस्केट यांचा भागाकार करायचा आणि लहान उत्तरापासून यादी लावायची. वरच्या वीस वस्तू दाराजवळच्या रॅकवर, कमरेच्या उंचीला आणायला एखादा रविवार लागेल.