एमबीबीएस नाही, मग काय?

बारावीला जीवशास्त्र घेतलं की घरात ‘नीट’चा घोष सुरू होतो. मार्क कमी पडले की घरावर सुतकी कळा येते. पण रुग्णालय एकट्या डॉक्टरांवर चालत नाही.

जीएनएम नर्सिंग तीन वर्षांचं, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं. जीएनएमला आर्ट्स-कॉमर्सवाल्यांनाही दार उघडं आहे, हे अनेकांच्या गावीही नसतं. फिजिओथेरपी, रेडिओग्राफी, डायलिसिस या वाटा आहेतच.

लॅब टेक्निशियनचं काम मात्र लोकांना फारच सोपं वाटतं. सुई टोचली, रक्त काढलं, झालं! प्रत्यक्षात प्रत्येक नळीच्या टोपणाचा रंग काही सांगत असतो. जांभळ्या टोपणाच्या नळीत ईडीटीए हे रक्त गोठू न देणारं रसायन असतं. हिमोग्लोबिन, पेशींची मोजणी तिच्यातून होते. निळ्या टोपणाच्या नळीत सायट्रेट असतं. नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट, म्हणून खुणेपर्यंत रक्त भरावंच लागतं. कमी भरलं तर रक्त गोठायला लागणारा वेळ खोटाच वाढलेला दिसतो आणि त्यावरून औषधाचा डोस चुकू शकतो. जांभळ्या नळीतलं रक्त दुसऱ्या नळीत ओतलं तर पोटॅशियम भलतंच वाढलेलं दिसतं. हे सगळं कॉलेजात शिकवतात, तेही कारणांसकट.

प्रवेश घेताना चकचकीत माहितीपत्रकावर जाऊ नका. पदवी असेल तर कॉलेज नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी किंवा दुसऱ्या मान्यताप्राप्त विद्यापीठाशी संलग्न आहे का, नर्सिंगला नर्सिंग परिषदेची मान्यता आहे का, आणि प्रात्यक्षिकं कुठल्या रुग्णालयात होतात, हे फी भरण्याआधीच विचारा.