लिनक्स संगणक झोपेतून जागा होत नाही तेव्हा

नागपूर-छिंदवाडा मार्गावरील बोरगाव हे सौंसर तालुक्यातील गाव. 2023 मध्ये छिंदवाड्यापासून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात ते येते. अशा गावातील एखाद्या दुकानात ऑनलाइन अर्ज भरत असताना वीज गेली, लॅपटॉपचे झाकण मिटले आणि तासाभराने उघडल्यावर पडदा काळाच राहिला, तर अर्धवट भरलेला अर्ज हातचा जातो. पावसाळ्यात वीज खंडित होणाऱ्या सत्तरी वा सांग्यातील घरांतही हे घडू शकते. संगणक लिनक्सवर चालत असल्यास त्यामागचे कारण बहुधा शोधता येते. त्यासाठी आधी झोपेचे दोन प्रकार समजून घ्यावे लागतात.

‘सस्पेंड’मध्ये चालू काम रॅममध्येच राहते आणि रॅमला थोडी वीज लागत राहते. बॅटरी संपली की न साठवलेले काम नष्ट होते. ‘हायबरनेट’मध्ये रॅममधील मजकूर डिस्कवरील ‘स्वॅप’ या राखीव जागेत लिहिला जातो आणि यंत्र पूर्ण बंद होते. त्यामुळे वीज नसली तरी काम टिकते.

सस्पेंडनंतर पडदा काळा राहिल्यास प्रथम कॅप्स लॉकची कळ दाबून तिचा दिवा पेटतो का, ते पाहावे. दिवा पेटत असेल तर यंत्र जिवंत आहे. मग कंट्रोल, ऑल्ट व एफ३ या कळा एकत्र दाबाव्यात. अक्षरांचा साधा पडदा आल्यास दोष बहुधा ग्राफिक्स ड्रायव्हरचा असतो. ड्रायव्हर व कर्नल अद्ययावत करणे हा पहिला उपाय. नव्या कर्नलनंतरच बिघाड सुरू झाला असेल, तर सुरुवातीच्या यादीतून जुना कर्नल निवडून पाहावा.

झाकण मिटूनही बॅटरी रात्रभरात उतरत असेल, तर यंत्र हलक्या झोपेत राहत असावे. अनेक नव्या लॅपटॉपमध्ये गाढ झोपेची सोय नसते, तर काहींत ती बायोसमधून निवडता येते. यंत्र झोपताच पुन्हा जागे होत असेल, तर यूएसबी माउस काढून पाहावा.

हायबरनेटच्या बिघाडात पहिला संशय स्वॅपवर घ्यावा. स्वॅप रॅमएवढा किंवा थोडा अधिक ठेवणे सुरक्षित. फेडोराच्या 33 व्या आवृत्तीपासून स्वॅप मुळातच रॅममध्ये ठेवला जातो. वीज जाताच तो पुसला जात असल्याने हायबरनेटसाठी डिस्कवर वेगळा स्वॅप तयार करावा लागतो. यंत्र बंद होते, पण पुन्हा चालू केल्यावर आधीच्या फाइली न दिसता नव्याने सुरू होते, याचा अर्थ स्वॅप कोठे आहे हे कर्नलला सांगितलेले नाही. ती नोंद बूटलोडरच्या मांडणीत करावी लागते. स्वॅप फाइलरूपात असेल, तर डिस्कवरील तिचे नेमके स्थानही द्यावे लागते.

हायबरनेटचा पर्यायच दिसत नसेल, तर ‘सिक्युअर बूट’ तपासावे. ते चालू असताना अनेक लिनक्स प्रणाली हायबरनेट रोखतात, कारण डिस्कवर लिहिलेल्या प्रतीत कोणी फेरफार केल्यास तो ओळखता येत नाही. ते बंद केल्यास हायबरनेट मिळते, पण एक संरक्षण कमी होते.

एवढ्यावरही कारण सापडले नाही, तर यंत्र पुन्हा सुरू करून प्रणालीच्या जर्नलमधील मागील सत्राच्या शेवटच्या ओळी वाचाव्यात. काम कोणत्या उपकरणापाशी अडले, याचा माग तेथे अनेकदा लागतो. दुरुस्तीनंतर महत्त्वाचे काहीही उघडे न ठेवता, बॅटरीवर तीन-चार वेळा चाचणी घ्यावी. ती प्रत्येक वेळी यशस्वी होईपर्यंत झाकण मिटण्यापूर्वी फाइल साठवावी आणि अर्ज पूर्ण करून पाठवावा किंवा मसुदा म्हणून जतन करावा.