घोड्यांच्या वाटेने

कालवा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पाटाचे पाणी येते. पाळी आली की रात्री-अपरात्री उठून दारे धरायची, बांधावरून भांडायचे आणि उसाला पाणी द्यायचे. इंग्लंडचे कालवे मात्र शेतीसाठी खणलेले नाहीत. तिथे पाऊस बारा महिने पडतो, त्यामुळे पाटाची गरज क्वचितच. ते कालवे म्हणजे त्या काळचे मालवाहतुकीचे रस्ते. 1761 मध्ये ब्रिजवॉटरच्या ड्यूकने आपल्या खाणीतला कोळसा मँचेस्टरला नेण्यासाठी कालवा काढला आणि शहरातला कोळशाचा भाव जवळजवळ निम्म्यावर आला. मग काय, पुढची साठ-सत्तर वर्षे देशभर कालवेच कालवे!

या होड्या ओढायचे घोडे. पाठीवर सव्वाशे किलो ओझे नेणारा घोडा पाण्यावर तरंगणारा तीस टन माल शांतपणे ओढू शकतो. त्याला चालण्यासाठी पाण्याच्या कडेने एक अरुंद वाट ठेवलेली असे. तिला तिथे टोपाथ म्हणतात. टो म्हणजे दोराने ओढणे. रेल्वे आली, मग ट्रक आले, घोडे गेले आणि 1963 च्या कडाक्याच्या थंडीत कालवे गोठल्यावर उरलासुरला धंदाही आटोपला. वाट मात्र राहिली. आज तिच्यावरून माणसे चालतात.

लेस्टरमध्ये माझी थोरली आपा राहते. गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत तिच्याकडे महिनाभर राहून आले. आपाला साखर आहे, गुडघेही कुरकुरतात. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलेले, म्हणून ती सुपरमार्केटच्या गाड्या लावायच्या जागेभोवती फेऱ्या मारायची! शहराच्या बाहेर का जात नाही, असे विचारले तर म्हणाली, "ती लोकांची शेतं आहेत. कुणी हटकलं तर काय सांगायचं?" वीस वर्षांहून अधिक काळ त्या देशात राहिलेली, कर भरणारी बाई हे बोलत होती. माझ्या मते हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही.

शेवटी भाचीनेच आम्हां दोघींना गाडीत घातले आणि फॉक्सटनला नेले. मार्केट हार्बरो या छोट्या गावाजवळ डोंगरउतारावर तिथे पाण्याचा जिना आहे. पाच-पाच लॉकचे दोन जिने, एकूण दहा लॉक, पंचाहत्तर फूट चढ. लॉक म्हणजे दोन्ही बाजूंना लाकडी दरवाजे असलेला अरुंद हौद. होडी आत घ्यायची, मागचा दरवाजा लावायचा, वरच्या बाजूचे पाणी सोडायचे. होडी पाण्याबरोबर वर उचलली जाते, मग पुढचा दरवाजा उघडून पुढच्या हौदात. इंजिन नाही, वीज नाही. दरवाजाला जोडलेल्या लांब तुळईला पाठ लावून माणसेच ते ढकलतात. होडी जेमतेम सात फूट रुंद, दहा लॉक चढायला पाऊण तास तरी लागतो. आम्ही तिघी तुळईशेजारी उभ्या होतो, तेव्हा होडीवरच्या एका आजोबांनी आपाला हाताने खुणावले. आपाने ओढणी खोचली आणि पाठ लावली. दरवाजा हलला तेव्हा तिचा चेहरा पाहायला हवा होता.

शेजारीच 1900 मध्ये वाफेच्या इंजिनावर चालणारी उतरंड बांधली होती. होड्या पाण्याच्या टाकीसकट बारा मिनिटांत वर न्यायच्या. इतका खर्च करून अकरा वर्षांत बंद! 1814 पासूनचे लॉक अजून चालू आहेत. शाळेत 'नवे ते चांगले' असा निबंध लिहून घेणाऱ्या आम्हां शिक्षकांनी ती उतरंड एकदा पाहावी.

वर चढून गेलो की चालणाऱ्याचे सुख सुरू होते. फॉक्सटनच्या माथ्यापासून पुढच्या वॉटफर्डच्या लॉकपर्यंत वीस मैल एकही लॉक नाही. लॉक म्हणजे खर्च आणि खोळंबा, म्हणून कालवा टेकड्यांच्या कडेकडेने, एकाच उंचीवरून वळसे घेत नेला आहे. तेव्हा वाटही सपाट. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी याहून सोयीचा रस्ता शोधून सापडणार नाही. एका बाजूला पाणी, त्यात पिल्लांसह बदके. दुसऱ्या बाजूला पांढऱ्या फुलांनी लगडलेले काटेरी कुंपण. विटांच्या कमानी पुलाखालून जाताना कोपऱ्यावर हात फिरवून पाहावा. घोड्यांच्या दोरांनी घासून पडलेल्या खाचा पुष्कळ पुलांवर अजून आहेत. बोट आत जाईल इतक्या खोल! भिजलेल्या दोराला चिकटलेल्या वाळूने दगड आणि लोखंड कापले आहे.

एक सांगायला हवे. कालव्याचे पाणी दिसायला संथ असले तरी वुजू करायला किंवा हात धुवायला ते घेऊ नये. उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या लेप्टोची भीती तिथेही आहे. आपल्या कोकणात पावसाळ्यात जो लेप्टो ऐकतो, तोच. आम्ही बाटलीतले पाणी नेले होते.

कालव्याची वाट सोडून आम्ही शेतात शिरलो तेव्हा आपा पुन्हा थबकली. समोर पिवळ्याधमक फुलांचे मोहरीसारखे पीक कमरेएवढे वाढलेले आणि त्याच्या बरोबर मधून एक वाट कापलेली. कुंपणाशी पिवळ्या टोकाचा खांब. लेस्टरशायरमध्ये पायवाटेची ही खूण दुरूनही दिसते. भाचीने नकाशा उघडला. त्यावर हिरव्या तुटक रेषेने तीच वाट दाखवलेली. 1949 च्या कायद्याने इंग्लंड आणि वेल्समधल्या अशा वाटांची अधिकृत नोंद करणे बंधनकारक झाले. जमीन शेतकऱ्याची, पण वाटेवरून जायचा हक्क सगळ्यांचा. शेतकऱ्याला अशी वाट नांगरता येते, पण चौदा दिवसांच्या आत ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते. पीक वाटेवर आले तर तेही त्यानेच काढायचे. (कालव्याकाठच्या वाटेचे तसे नाही. ती बऱ्याच ठिकाणी कालव्यांची देखभाल करणाऱ्या न्यासाच्या परवानगीने खुली आहे.)

आपल्याकडेही पाणंद आहे, शिवरस्ता आहे, वहिवाट आहे. कुणी रस्ता अडवला तर 1906 च्या मामलतदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. फरक इतकाच की आपला कायदा मुख्यतः शेतकऱ्याला त्याच्या शेतापर्यंत पोहोचवतो. तिथला कायदा ज्याचे तिथे शेत नाही, काम नाही, जो केवळ हवा खायला निघाला आहे, त्याचीही बाजू घेतो. मला तो भाग फार आवडला.

पण हे हक्क कुणी ताटात वाढून दिले नाहीत. माळरानावर आणि डोंगरावर जायला तर पूर्वी मनाईच होती, कारण तिथे जमीनदारांची शिकार चाले. 24 एप्रिल 1932 रोजी मँचेस्टरकडचे शेकडो तरुण कामगार मुद्दाम किंडर स्काउट या डोंगरावर चढले. पाच जणांना तुरुंगवास झाला. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन वीस वर्षांचा, रोमानियातून आलेल्या ज्यू कुटुंबातला. बाहेरून आलेल्या घरातल्या त्या पोराने चार महिने तुरुंगात काढले आणि आज तो डोंगर सर्वांना खुला आहे.

आपल्या पोरांनाही हे सोपे गेलेले नाही. कॉव्हेंट्रीच्या हारून मोटा यांनी 'मुस्लिम हायकर्स' हा गट सुरू केला. 2021 च्या नाताळच्या दिवशी शंभरहून अधिक जण त्याच भागातल्या मॅम टोर टेकडीवर चढून आले. फोटो समाजमाध्यमांवर येताच 'हे कसले गिर्यारोहण' म्हणून नको नको ते लिहिले गेले. त्यांनी फेऱ्या बंद केल्या नाहीत.

आम्हांला त्या दिवशी कुणी हटकले नाही. कुत्रे घेऊन आलेल्या एका बाईने वाट द्यायला दोरी आखडली आणि हवा छान आहे म्हणाली. कुरणात मेंढ्या होत्या आणि गवताखाली जमीन लाटांसारखी वरखाली झालेली. ते मध्ययुगीन शेतीचे सरी-वरंबे आहेत. बैलांच्या नांगराने पडलेले, नंतर चराऊ कुरण झाल्यामुळे तसेच राहिलेले. कुंपणाच्या सावलीत आपाने जोहर अदा केली. मी आणि भाची मेंढ्यांकडे पाहत बसलो.

मुलांकडे किंवा बहिणीकडे जाणार असाल तर बुटांचा तळ खरबरीत असावा, मे महिन्यातही चिखल असतो. फाटक जसे मिळाले तसेच ठेवावे, बंद तर बंद. नेटल नावाच्या झुडपाला पायाचा स्पर्श झाला तर खाजखुजलीसारखी आग होते, म्हणून सलवार घोट्यापर्यंत असलेली बरी. वेळेची चिंता नको. त्या दिवसांत मगरीब रात्री नऊच्या सुमारास होते. चार वाजता निघालात तरी पाच मैल चालून, वाटेत असर पढून, उजेडात घरी पोहोचता.