बोटांवरचे कंगोरे आणि गर्भातले आठवडे

एकाच फलित बीजांडाचे दोन भाग होऊन जन्मलेल्या, म्हणजे समरूप, जुळ्यांची जनुके जवळजवळ सारखीच असतात; तरीही त्यांपैकी एकाला स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास, भ्रम आणि विस्कळीत विचार यांनी ओळखला जाणारा दीर्घ मुदतीचा मनोविकार, जडला तर दुसऱ्यालाही तो जडण्याचे प्रमाण बहुतेक अभ्यासांत निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी आढळते. भिन्नबीज जुळ्यांत हे प्रमाण आणखी पुष्कळ कमी असल्यामुळे आनुवंशिकतेचा वाटा नाकारता येत नाही. पण उरलेला फरक कोठून आला, आणि विशेषतः कधी आला, हा प्रश्न उभा राहतो. आजार बहुधा तारुण्यात दिसू लागतो, त्यामुळे त्याचे मूळ गर्भावस्थेत असले तर वीस वर्षांनंतर ते शोधायचे कसे, ही खरी अडचण होती.

संशोधकांनी त्यासाठी रुग्णांचे हात पाहिले. त्वचेचा वरचा थर आणि मज्जासंस्था ही दोन्ही गर्भाच्या एकाच बाह्यस्तरातून घडतात. बोटांवरचे कंगोरे साधारण दहाव्या-अकराव्या आठवड्यापासून उमटू लागतात, चोविसाव्या आठवड्याच्या आत पक्के होतात आणि पुढे जन्मभर बदलत नाहीत; मेंदूच्या बाह्यकातील पेशी आपापल्या जागी सरकण्याचा काळही बराचसा हाच. त्यामुळे या दिवसांत गर्भाच्या वाढीला धक्का बसला असेल, तर त्याची नोंद बोटांवर राहण्याची शक्यता असते.

अमेरिकेत ब्राका, टोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, एकच भावंड आजारी असलेल्या समरूप जुळ्यांच्या 23 जोड्या आणि दोन्ही भावंडे निरोगी असलेल्या 7 जोड्या घेतल्या होत्या. ठशाच्या मध्यापासून, जिथे तीन दिशांचे कंगोरे एकत्र येतात त्या बिंदूपर्यंत रेघ ओढून तिला छेदणारे कंगोरे मोजतात आणि दहाही बोटांची बेरीज करतात. ही बेरीज समरूप जुळ्यांत एरवी बरीच जवळपास असते. आजारी-निरोगी जोड्यांत मात्र दोघांतली तफावत निरोगी जोड्यांपेक्षा अधिक निघाली. त्याआधी 1990 साली सुदथ आणि सहकाऱ्यांनी अशाच 15 जोड्यांच्या मेंदूची चुंबकीय चित्रे तपासली, तेव्हा 14 जोड्यांत आजारी भावंडाचा डावीकडील हिप्पोकॅम्पस, म्हणजे स्मृतीशी निगडित भाग, लहान दिसला होता. जोड्या थोड्या होत्या, हे विसरता येत नाही. तरी जनुके सारखी ठेवून तुलना करण्याची अशी संधी दुसऱ्या कुठल्या रुग्णांत मिळत नाही.

एकाच उदरात वाढूनही दोघांची वाढ वेगळी का व्हावी? समरूप जुळ्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश जोड्या एकच वार वाटून घेतात, पण ही वाटणी क्वचितच काटेकोर असते. एकाला रक्तपुरवठा अधिक, दुसऱ्याला कमी, असे घडते, आणि विषाणूचा संसर्गही दोघांना सारखाच बाधतो असे नाही. कंगोऱ्यांखेरीज उंच, अरुंद टाळू, खाली बसलेले कान, तळव्यावरची एकच आडवी रेघ, वाकडी करंगळी अशा बारीकसारीक वेगळेपणाच्या खुणाही स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत सरासरीने जास्त आढळतात. त्या मोजण्याची वॉल्ड्रॉप आणि सहकाऱ्यांची पद्धत 1968 सालची आहे.

सरासरी हा शब्द येथे महत्त्वाचा आहे, कारण याच खुणा असंख्य निरोगी माणसांत असतात आणि अनेक रुग्णांत नसतात. हे लक्षात न घेता बोटांचे ठसे घेऊन मुलांची बुद्धी आणि भावी करिअर सांगणाऱ्या चाचण्या आज शहरांत पैसे घेऊन केल्या जातात. कंगोऱ्यांचे खरे शास्त्र गर्भातल्या काही आठवड्यांपुरते बोलते, आणि या चाचण्या त्याच्या नावावर हस्तसामुद्रिकाचाच धंदा चालवतात. ठशांचा खरा उपयोग ओळखीसाठी होतो आणि त्याचा आधुनिक आरंभही भारतातलाच: ब्रिटिश अधिकारी विल्यम हर्शेल याने 1858 साली बंगालमधील जंगीपूर येथे करारावर हाताचा ठसा घेतला होता. आधारची बायोमेट्रिक नोंद समरूप जुळ्यांना वेगवेगळे ओळखू शकते, तेही गर्भातल्या याच लहानसहान फरकांमुळे.

नागोठणे आणि रोहा यांच्या दरम्यानच्या निडीसारख्या गावात जुळ्यांपैकी एक जण एकटा बोलू लागला, झोप उडाली, शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात असे सांगू लागला, तर त्याचे हात तपासून काहीही ठरत नाही. निदान लक्षणांवरून, ती किती काळ टिकली यावरून आणि घरच्यांनी दिलेल्या माहितीवरून मनोविकारतज्ज्ञच करतात; अलिबागचे जिल्हा रुग्णालय, 1901 साली सुरू झालेले ठाण्याचे मनोरुग्णालय आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा दूरध्वनी क्रमांक त्यासाठी उपलब्ध आहेत. दुसऱ्या भावंडाकडेही लक्ष ठेवावे लागते, मात्र त्याला आजार होईलच असे गृहीत धरून नव्हे, कारण निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक जोड्यांत तो निरोगीच राहतो.