वकील नसलेल्यांसाठी दुर्गच्या कोर्टातलं एक दार

रिसालीच्या माणसाला कोर्टाचं काम निघालं की दुर्ग गाठावं लागतं. नोटीस हातात पडली की लोक आधी ओळखीचा वकील शोधतात, फी ऐकतात आणि घरातलं काय मोडता येईल याचा हिशेब मांडतात. त्याआधी मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जायला हवं.

1976 च्या घटनादुरुस्तीने मोफत कायदेशीर मदतीचं कलम 39-अ राज्यघटनेत आलं. तरी गरजू माणसापर्यंत ती मदत आपोआप पोचली नाही. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या पोलीस कोठडीतल्या स्त्रियांच्या छळाबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. त्यावर 1983 मध्ये न्यायालयाने सांगितलं की, अटक झाली की पोलिसांनी जवळच्या कायदा मदत समितीला ताबडतोब कळवावं. 1987 चा विधी सेवा प्राधिकरण कायदा मात्र 9 नोव्हेंबर 1995 पासून लागू झाला.

स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग, कोठडीतले आणि औद्योगिक कामगार यांना ही मदत देताना उत्पन्न पाहिलं जात नाही. पोलाद कारखान्याच्या या गावात यादीतला शेवटचा शब्द फार मोलाचा आहे. इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे.

अर्ज लिहिता येत नसेल तर तोंडी सांगावं. ते उतरवून घेतात, खाली अंगठा उठवतात, तोच अर्ज. मदतीत वकिलाच्या फीबरोबर कोर्ट फी, नकला आणि कागदपत्रांचं भाषांतरही येतं. विदर्भातून इथे आलेल्या मराठी घरांनी हे पक्कं लक्षात ठेवावं. गावाकडच्या जमिनीचा सातबारा मराठीत, दुर्गच्या कोर्टाचं कामकाज हिंदीत. आणि तो कागद वाचता न आल्याने हक्काची बाजू लंगडी पडते. अर्ज नाकारला तर प्राधिकरणाच्या अध्यक्षांकडे, म्हणजे जिल्हा न्यायाधीशांकडे, अपील करता येतं. मदतीसाठी 15100 हा फोन क्रमांकही आहे.

मला या व्यवस्थेत पॅरालीगल स्वयंसेवक सर्वांत महत्त्वाचे वाटतात. वकील मिळाला तरी कोणत्या खिडकीवर जायचं, पुढची पेशी कधी, हे सांगणारं माणूस लागतंच. ते नसेल तर बाई दिवसभर व्हरांड्यात बसून परत जाते.

प्राधिकरणाच्याच लोक अदालतीत तडजोडीने मिटलेल्या दाव्याची भरलेली कोर्ट फी परत मिळते. मात्र तिथल्या निवाड्यावर अपील नाही. म्हणून सही करण्याआधी तडजोडीचा प्रत्येक शब्द आपल्या भाषेत समजावून घ्यावा, आणि घाई करणाऱ्याला थांबायला सांगावं.